बदली गाडी आणि ‘एक तुलनात्मक अभ्यास’

विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंधांच्या कपाटापुढे उभे राहा आणि नुसती पाठीवरची शीर्षकं वाचत चला. विषय कुठलाही असो, एक शेपूट हमखास सापडेल: ‘... : एक तुलनात्मक अभ्यास’. हे शेपूट लावलं की आराखडा निम्मा झाल्यासारखा वाटतो. मग पेटनंतरच्या मुलाखतीत समितीतलं कुणीतरी शांतपणे विचारतं, “तुलना कशाची, कशाशी आणि कोणत्या मापाने?” आणि तिथे भल्याभल्यांची गाडी अडते.

तेव्हा आज गाडीचंच उदाहरण घेऊ या. मी वाहनांच्या ऊर्जावापरावर पीएचडी करते, अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर गावात. आमच्या इमारतीतल्या वर्कशॉपमध्ये एक ज्येष्ठ तंत्रज्ञ आहेत, त्यांच्याकडे इलेक्ट्रिक ट्रक आहे. ट्रक म्हटल्यावर मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेला आणि पुढे लिंबू-मिरची टांगलेला धूड तुमच्या डोळ्यांपुढे आला असेल तर तो बाजूला ठेवा. इथे ट्रक म्हणजे पिकअप: पुढे चार-पाच माणसं बसतील अशी केबिन, मागे उघडा हौदा. माणसं तो ऑफिसला जायलाही वापरतात आणि लाकडं आणायलाही. मार्चमध्ये हा ट्रक सर्व्हिसिंगला गेला, एक सुटा भाग यायला वेळ लागला, म्हणून ११ दिवसांसाठी त्यांना बदली गाडी मिळाली, तीही इलेक्ट्रिक, पण सेडान. हे गृहस्थ स्वभावाने मोजमाप करणारे. त्यांनी दोन्ही गाड्यांचे आकडे वहीत लिहून ठेवले आणि एक दिवस वही माझ्यापुढे टाकली. निष्कर्ष होता: ट्रक सेडानच्या अडीचपट वीज खातो. प्रश्न होता: ट्रक विकून टाकू का?

प्रश्न हौसेचा नव्हता. ट्रकचे हप्ते अजून चालू आहेत, आज विकला तर तोट्यात जाणार, आणि ठेवला तर वर्षानुवर्षं जास्त वीज. आकड्यावर निर्णय टेकणार होता. म्हणून मी वही घरी आणली आणि आपण एखादा शोधनिबंध वाचतो तशी वाचली. त्या वाचनात काय काय निघालं ते तुमच्यासाठी लिहिते आहे, कारण तुमच्या आराखड्यात गाडीच्या जागी शाळा असेल, बियाणं असेल, औषध असेल, पण खड्डे हेच असतील.

आधी चांगलं काय आहे ते बघू. परीक्षकाच्या भूमिकेत शिरलं की माणसाला फक्त दोष दिसायला लागतात, ही आपल्या क्षेत्रातली एक वाईट सवय आहे. या तुलनेत चालक एकच, घर तेच, कामाची जागा तीच, रस्ता तोच. दोन वेगवेगळ्या मालकांच्या गाड्यांची तुलना केली असती तर एकजण गॅस पेडल दाबून मारणारा आणि दुसरा जपून चालवणारा निघण्याची भीती होती. इथे ती नाही. शिवाय गाडी कधी बदलायची हे चालकाने ठरवलेलं नाही. वर्कशॉपने ठरवलं. हा मुद्दा वाटतो त्याहून मोठा आहे. माणूस स्वतः निवड करतो तेव्हा निवडीमागचं कारण निकालात मिसळतं. उदाहरणार्थ, लांब जायचं आहे म्हणून त्याने सेडान मागून घेतली असती, तर लांबच्या रस्त्याचा परिणाम सेडानच्या नावावर जमा झाला असता. बाहेरून आलेल्या बदलाला संशोधनात नैसर्गिक प्रयोग म्हणतात, आणि अर्थशास्त्रापासून साथरोगशास्त्रापर्यंत लोक असे प्रसंग शोधत फिरतात. सर्व्हिसिंग हा तसा छोटासा, घरगुती नैसर्गिक प्रयोग आहे.

आता वही उघडू.

ट्रकचे आकडे फेब्रुवारीतले, सेडानचे मार्चच्या उत्तरार्धातले. ट्रकचा वापर १०० मैलांना ५७ युनिट, सेडानचा २३. (युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचं युनिट, एक किलोवॉट-तास. आणि १०० मैल म्हणजे साधारण १६१ किलोमीटर.) भागाकार केला की जवळपास अडीच येतो. गणित बरोबर आहे. पण फेब्रुवारीत ट्रकने काय काय केलं होतं? रोजचं जाणं-येणं, शिवाय दोनदा मागे ट्रेलर जोडून लेकीचं सामान नव्या घरी पोचवलं. मार्चच्या त्या ११ दिवसांत सेडानने काय केलं? घर, काम, किराणा. बस्स. मी विचारलं, सामानाची तिसरी खेप राहिली होती ना? म्हणाले, हो, पण सेडानला ट्रेलर कुठे जोडणार, ट्रक परत आल्यावर नेऊ म्हटलं.

इथे थांबा. संशोधनाची तयारी करणाऱ्या माणसाने या उत्तरावर थांबायलाच पाहिजे. गाडी बदलली म्हणून वीज बदलली हे तर आहेच, पण गाडी बदलली म्हणून कामही बदललं. जड काम ट्रकच्या खात्यावर पडलं आणि हलकं तेवढं सेडानच्या. म्हणजे आपण दोन गाड्यांची तुलना करतच नाही आहोत. ‘ट्रक अधिक ट्रकची कामं’ आणि ‘सेडान अधिक सेडानला झेपणारी कामं’ या दोन जोड्यांची तुलना करतो आहोत.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. ठिबक बसवलेलं शेत आणि पाटाने पाणी देणारं शेत यांच्या पाणीवापराची तुलना करायची आहे. पण ठिबक आल्यावर शेतकरी तेच पीक ठेवेल याची काय खात्री? तो डाळिंबाकडे वळेल, किंवा वाचलेल्या पाण्यावर आणखी एकरभर ऊस लावेल. पीक पाणी बघून बदलतं, जसं काम गाडी बघून बदललं. मग पाणी मोजायचं एकरी, का टनामागे, का रुपयामागे? तिन्हींची उत्तरं वेगळी येतील आणि तिन्ही आपापल्या जागी खरी असतील.

उत्पादनांच्या जीवनचक्राचं मूल्यमापन करणाऱ्यांनी यावर एक तोडगा काढला आहे, तो आयएसओ १४०४० या मानकातच बसवलेला आहे. त्याला कार्यात्मक एकक म्हणतात. कल्पना साधी आहे: वस्तूची तुलना वस्तूशी करू नका, वस्तूने केलेल्या कामाची करा. दोन रंगांची तुलना लिटरला लिटर अशी करण्यात अर्थ नाही. अमुक चौरस मीटर भिंत अमुक वर्षं झाकायला किती रंग लागतो, असं विचारायचं. एका डब्यात कमी रंग असेल पण दोन हात पुरत असतील. गाडीच्या बाबतीत कार्यात्मक एकक ‘एक माणूस १०० मैल नेणे’ असेल तर सेडान जिंकणार, त्यात संशय नाही. ते ‘घरातली वर्षभराची सगळी ने-आण’ असेल, तर सेडानच्या खात्यावर भाड्याने घ्याव्या लागणाऱ्या ट्रकच्या खेपासुद्धा चढवाव्या लागतील. हे एकक आधी ठरवायचं असतं, आकडे हातात आल्यावर नाही. आकडे बघून एकक ठरवलं की माणूस स्वतःच्या नकळत आपल्या लाडक्या बाजूचं एकक निवडतो.

वहीतली दुसरी गोष्ट अधिक गमतीची होती. ट्रकचे ५७ युनिट आले कुठून? वीजमीटरवरून आणि चार्जिंग स्टेशनच्या पावत्यांवरून. सेडानचे २३ आले कुठून? गाडीच्या पडद्यावरून. दोन्ही युनिटच, दोन्ही खरी, पण वेगवेगळ्या जागी मोजलेली. भिंतीतून निघालेली सगळी वीज बॅटरीत पोचत नाही. चार्जर तापतो, बॅटरी गरम किंवा गार ठेवायला वीज लागते, आणि गाडी नुसती उभी असतानाही थोडी थोडी खात राहते. भिंत आणि बॅटरी यांच्यातला हा फरक साधारण दहा टक्क्यांच्या आसपास धरा, थंडीत आणि साध्या प्लगवर त्याहून जास्त. गाडीचा पडदा मात्र बहुतेक वेळा बॅटरीतून चाकांकडे गेलेली वीज दाखवतो. एकाचं वजन चपला घालून आणि दुसऱ्याचं अनवाणी, असा हा प्रकार. फक्त इथे चपला दहा टक्के वजनाच्या आहेत.

नेटच्या पहिल्या पेपरात वैधता आणि विश्वसनीयता यांच्यातला फरक तुम्ही पाठ केलेला असतो. तो इथे जिवंत दिसतो. सेडानचा पडदा विश्वसनीय आहे, रोज तोच रस्ता चालवला तर रोज तेवढाच आकडा देईल. पण ‘माझं बिल किती येणार’ या प्रश्नासाठी तो वैध नाही, कारण बिल भिंतीवर मोजलं जातं.

मग निदान एकाच मापाने मोजलेले आकडे कुठे मिळतील? अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, प्रत्येक मॉडेलसाठी असे आकडे जाहीर करते. (या संस्थेची वाहन-प्रयोगशाळा आमच्या गावातच आहे. बऱ्याच चाचण्या कंपन्या स्वतः करतात आणि ही प्रयोगशाळा त्यांतल्या काही पुन्हा करून पडताळते.) ईपीएचा आकडा भिंतीपासून मोजलेला असतो, म्हणजे चार्जिंगमधली गळती त्यात धरलेली असते. गृहस्थांच्या गाड्यांची नावं मी इथे सांगत नाही, पण त्याच वर्गातल्या दोन प्रसिद्ध गाड्या घेऊ: फोर्ड एफ-१५० लाइटनिंगचा मोठ्या बॅटरीचा २०२२ चा ट्रक, आणि टेस्ला मॉडेल ३ ची मागच्या चाकांवर चालणारी २०२३ ची सेडान. ट्रकला १०० मैलांना ४८ युनिट, सेडानला २५. गुणोत्तर १.९. अडीच नव्हे.

पण खरी मजा त्याच्या पुढे आहे. ईपीए शहर आणि हायवे असे आकडे वेगवेगळे देते, ‘गॅलन-समतुल्य मैल’ या एककात. एक गॅलन पेट्रोलमधली ऊर्जा ३३.७ युनिट धरून हे एकक बनवलं आहे. ट्रकचा आकडा शहरात ७८, हायवेवर ६३. सेडानचा शहरात १३८, हायवेवर १२६. पहिली गोष्ट बघा, पेट्रोल गाडी हायवेवर चांगला ॲव्हरेज देते, इलेक्ट्रिक गाडी शहरात. कारण ब्रेक दाबला की ती थोडी वीज परत मिळवते आणि सिग्नलला उभी असताना इंजिन फुकट चालत नाही. दुसरी गोष्ट: हायवेवर गेल्यावर सेडान जेमतेम ९ टक्क्यांनी घसरली, ट्रक १९ टक्क्यांनी. युनिटमध्ये मांडलं तर शहरात ट्रक सेडानच्या १.७७ पट वीज घेतो आणि हायवेवर बरोबर दुप्पट.

असं का व्हावं? गाडीला ढकलताना दोन मोठे विरोध असतात. टायरचा घर्षणविरोध वजनाच्या प्रमाणात असतो आणि वेगाने फारसा बदलत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो गाडीच्या समोरच्या क्षेत्रफळावर व आकारावर ठरतो. ताशी ५० किलोमीटरवरून ११० वर गेलात तर हवेचा विरोध जवळजवळ पाचपट होतो. ट्रक समोरून भिंतीसारखा, सेडान पाण्याच्या थेंबासारखी. त्यामुळे वेग वाढला की ट्रकचं दुखणं जास्त वाढतं. ‘ट्रक जड आहे म्हणून जास्त खातो’ हे सगळे म्हणतात, आणि ते अर्धंच खरं आहे. हायवेवर त्याला त्याचा आकार जास्त नडतो. संशोधनाच्या भाषेत, गाडीचा प्रकार आणि रस्त्याचा प्रकार यांची आंतरक्रिया आहे. अशा वेळी ‘ट्रक किती पट?’ या प्रश्नाला एक उत्तर नसतंच. उत्तराची सुरुवात “कुठल्या रस्त्यावर?” इथून करावी लागते.

आणि कुठल्या हवेत? गृहस्थांचा ट्रक फेब्रुवारीतला होता हे विसरू नका. मिशिगनचा फेब्रुवारी म्हणजे पारा शून्याखाली. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये पाच इलेक्ट्रिक गाड्या प्रयोगशाळेत तपासल्या. उणे ७ अंश सेल्सिअसच्या आसपास, हीटर चालू ठेवून, त्यांची रेंज सरासरी ४१ टक्क्यांनी घटली. आता एक छोटं कोडं सोडवा: रेंज ४१ टक्के घटली तर मैलामागचा वीजवापर किती वाढला? बहुतेक जण ४१ म्हणतात. पण तेवढ्याच विजेत तुम्ही १०० ऐवजी ५९ मैल गेलात, म्हणजे वापर १०० भागिले ५९, सुमारे १.६९ पट. वाढ ६९ टक्के. पेपर वाचताना टक्केवारी कशाची आहे हे बघितल्याशिवाय पुढचं वाक्य वाचू नका.

हीटरबद्दल आणखी एक बारीक गोष्ट, आणि मला स्वतःला ती या सगळ्यात सर्वांत उपयोगाची वाटते. हीटर वेळेवर वीज खातो, अंतरावर नाही, आणि मोठ्या-छोट्या केबिनचा फरक सोडला तर दोन्ही गाड्यांत साधारण सारखी खातो. समजा थंडीने दोन्ही गाड्यांच्या वापरात १०० मैलांमागे सारखीच १० युनिटांची भर घातली. ४८ चे ५८ झाले, २५ चे ३५. फरक आधीही २३ युनिट होता, आताही २३. पण गुणोत्तर १.९ वरून १.६६ वर आलं! म्हणजे दोन्ही गाड्या थंडीत मोजल्या असत्या तर ट्रक ‘कमी पट’ खाणारा दिसला असता, खिशातून जाणारे जास्तीचे पैसे तेवढेच असतानाही. आणि वहीत केलं तसं ट्रक थंडीत व सेडान उबदार हवेत मोजली, तर ५८ भागिले २५, म्हणजे २.३ पट. त्यात पडद्यावरचा आकडा घेतल्यामुळे खालचे २५ आणखी खाली गेले, आणि ट्रेलरमुळे वरचे ५८ आणखी वर. अडीचपटीचं कोडं असं सुटतं. गाडीचा स्वतःचा वाटा त्यात आहेच, पण महिना, मीटर आणि ट्रेलर यांनी आपापली भर घातलेली आहे.

तेव्हा फरक सांगायचा की पट सांगायची, हा शैलीचा प्रश्न नाही. परिणाम बेरजेने होतो की गुणाकाराने, यावर ते ठरतं. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक छोटा लेख लिहिला होता, तो मिळवून वाचाच, दोन पानांत काम होतं. त्यांनी दाखवलं की ‘एका गॅलनला किती मैल’ या मापाने लोक पद्धतशीर चुकतात. आपण तर रोज त्याच मापात बोलतो, “ॲव्हरेज किती देते?” विजेच्या भाषेत बघा: एक ट्रक युनिटला २ मैलांवरून २.५ वर सुधारला, एक सेडान ४ वरून ५ वर. दोन्हीत २५ टक्के सुधारणा, वरवर सेडानची उडी मोठी वाटते. पण १०० मैलांमागे ट्रकने ५० वरून ४० युनिटांवर येत १० वाचवले, सेडानने २५ वरून २० वर येत फक्त ५. वीज वाचवायची असेल तर जास्त खाणाऱ्याची छोटी सुधारणा मोलाची. माप उलटं धरलं की हे दिसत नाही.

गृहस्थांचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता. “अकरा दिवसांचे अकरा आकडे आहेत, टी-टेस्ट लावून देशील का?” लावता येईल, पी-मूल्यही झक्क येईल, आणि त्याचा अर्थ फार थोडा असेल. ११ आकडे एकाच सेडानचे आहेत. तिचे टायर नवे होते की झिजलेले, हवा किती भरलेली होती, हे सगळे ११ दिवस तसंच राहिलं. सेडान या जातीबद्दल बोलायचं तर आपला नमुना एकचा आहे. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये परिसंस्थाशास्त्रातले प्रयोग तपासून या दोषाला ‘छद्म-पुनरावृत्ती’ अशा अर्थाचं नाव दिलं. बी.एड., एम.एड.च्या प्रबंधांत तो पोत्याने सापडतो: एका शाळेतल्या ६० मुलांना नव्या पद्धतीने शिकवलं, दुसऱ्या शाळेतल्या ६० मुलांना जुन्या, आणि एन १२० लिहिला. पद्धतीच्या बाबतीत तिथे शाळा दोनच आहेत. मुलं १२० असली तरी शिक्षक, मुख्याध्यापक, वस्ती हे सगळं प्रत्येक बाजूला एक एकच.

मात्र गृहस्थांना ‘सेडान या जातीबद्दल’ काही सिद्ध करायचंच नव्हतं. त्यांना स्वतःचा निर्णय घ्यायचा होता. तेवढ्यासाठी एक गाडी, एक चालक चालतो, फक्त मांडणी सुधारावी लागते. सोपी सुधारणा म्हणजे ट्रक, सेडान, पुन्हा ट्रक अशी. ट्रक परत आल्यावर एप्रिलचे ११ दिवस मोजा, त्याच रस्त्यावर, ट्रेलरशिवाय. मार्चआधीचे आणि मार्चनंतरचे ट्रकचे आकडे दोन्ही हातात असले की मधल्या काळात ट्रक किती खाल्ला असता याचा अंदाज बांधता येतो, आणि ऋतूचा परिणाम बराचसा बाहेर काढता येतो. बदली गाडी परत गेली म्हणून अभ्यास संपत नाही, तुलनेचा तिसरा भाग तेव्हा सुरू होतो. नव्या गाडीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांचे आकडे मी बाजूला ठेवायला सांगितले. परकी गाडी माणूस एकतर फार जपून चालवतो, नाहीतर तिची पळण्याची हौस भागवून घेतो. हे टाकायचे दिवस मात्र आकडे बघण्याआधी ठरवायचे.

एवढं सगळं झाल्यावर मी त्यांना जरा आडवा प्रश्न विचारला: सेडान आवडली का? आवडली म्हणाले. काय आवडलं? “अकरा दिवसांत एकदाही चार्जिंग स्टेशनवर जावं लागलं नाही. ट्रक घेऊन दर शनिवारी जातो, तासभर बसतो.” वहीत हे कुठेच नव्हतं. मोजता येतं ते वहीत जातं आणि टोचतं ते राहून जातं. मुलाखतीची साधनं आकड्यांच्या अभ्यासातही का ठेवायची, ते अशा वेळी कळतं.

मग गणित मांडलं. ते भाड्याच्या घरात राहतात, गॅरेजमध्ये साधा अमेरिकन प्लग आहे. १२० व्होल्ट, सलग चार्जिंगला १२ अँपिअर, म्हणजे १.४४ किलोवॉट. (आपल्याकडचा पंधरा अँपिअरचा पॉवर प्लग याच्या दुपटीहून जास्त देतो, इथल्या लोकांना हे सांगितलं की पटत नाही.) रात्री १० तास लावून ठेवलं तर १४.४ युनिट. ईपीएचे आकडे भिंतीपासूनचे असल्यामुळे इथे थेट वापरता येतात: सेडानला एवढ्या विजेत ५७ मैल मिळतात, ट्रकला ३०. त्यांचं रोजचं जाणं-येणं ३८ मैल. सेडान रात्रीत भरून निघते आणि वर शिल्लक राहते. ट्रक रोज ८ मैलांनी मागे पडतो. पाच दिवसांत ४० मैलांची तूट, थंडीत त्याहून बरीच जास्त, आणि म्हणून शनिवारची वारी.

आता बघा, वीजवापर १.९ पट असो वा १.७, त्यांच्या आयुष्यात फरक पडला तो त्या ३८ मैलांच्या उंबरठ्यामुळे. एक गाडी उंबरठ्याच्या अलीकडे, एक पलीकडे. घर कामापासून १० मैलांवर असतं तर दोन्ही गाड्या रात्रीत भरल्या असत्या आणि सेडान इतकी सुखाची वाटलीच नसती. सरासऱ्यांची तुलना असा उंबरठा झाकून टाकते.

आणि तुलना दोनच पर्यायांत मांडली की तिसरा दिसेनासा होतो. ट्रक ठेवायचा की सेडान घ्यायची, एवढंच वहीत होतं. गॅरेजमध्ये २४० व्होल्टची जोडणी आणि ४८ अँपिअरचा चार्जर बसवला तर ११.५ किलोवॉट मिळतात, म्हणजे ट्रकला ताशी साधारण २४ मैल. रोजचे ३८ मैल दोन तासांच्या आत भरतात. ट्रक तेवढीच वीज खात राहील, बिल कमी होणार नाही, पण शनिवार मोकळा. त्यांनी घरमालकांना विचारलं आहे, आणि गॅरेजपर्यंत जाडी तार ओढायला किती खर्च येईल हे बघायला इलेक्ट्रिशियन पुढच्या आठवड्यात येतो आहे. ट्रकचे एप्रिलचे आकडे तोवर सात दिवसांचे जमलेले असतील.